वरचा थर

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत माणूस रिटायर झाला की त्याला तीन गोष्टी मिळत. हार, नारळ आणि सरजाबाईंचा केक. हार दुसऱ्या दिवशी सुकायचा, नारळाची चटणी व्हायची. केकचं मात्र वर्षानुवर्षं नाव निघायचं, आणि त्यात नवल नव्हतं, कारण आसपासच्या पन्नास गावांत तीन थरांचा केक डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

या केकचा एक कायदा होता. खालचे दोन थर तिथेच कापून वाटायचे, वरच्याला सुरी लावायची नाही. तो आख्खा पांढऱ्या फडक्यात बांधून रिटायर झालेल्याच्या बायकोच्या हाती द्यायचा. कुठल्या साहेबानं हे ठरवलं नव्हतं. झालं होतं असं की अगदी पहिल्या केकच्या वेळी, मुंजाजी पॉइंट्समनच्या निरोपाला, हातगाडी रुळांवरून नेताना वरचा थर घसरून गोणपाटावर पडला. चारचौघांत दाखवायच्या लायकीचा तो राहिला नाही, म्हणून सरजाबाईंनी तो गुपचूप फडक्यात गुंडाळून मुंजाजीच्या बायकोला दिला. महिन्याभरानं दुसऱ्या कुणाचा निरोप झाला, तर त्याची बायको दारात उभी. "आमचा वरचा थर कुठाय?" झालं, चुकीची रीत झाली. आपल्याकडच्या निम्म्या रीती अशाच पडलेल्या असणार, पण कबूल कोण करतो?

सरजाबाईंना हा केक रनिंग रूमच्या खानसाम्यानं, मस्तानचाचानं शिकवला होता. ड्युटीवरचे ड्रायव्हर-गार्ड जिथं उतरायचे त्या रनिंग रूमचा तो स्वयंपाकी. त्याचं मापच निराळं होतं. तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवायची आणि दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतका मैदा, मग तेवढीच साखर, मग तेवढंच लोणी. "अंडेका वजन इमान है बेटी," तो म्हणायचा, "बाकी सब नखरा." ओव्हन वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या लोखंडी पातेल्यात चार बोटं नदीची वाळू, वाळूवर तीन खापऱ्या, त्यावर केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. इंजिनाच्या राखेतून वेचलेला अर्धा जळका कोळसा त्यासाठी फार चांगला. पातेलं एकच, म्हणून थरही एका वेळी एकच. तीन थर म्हणजे सकाळपासून दुपार.

सगळं वजनात बसायचं, इलायची सोडून. ती चवीची गोष्ट, आणि चव बघायचं काम त्यांच्या नवऱ्याचं, सूर्यभान ड्रायव्हरचं. सरजाबाईंना कच्च्या अंड्याचा वास सहन व्हायचा नाही. त्या चिमूट चिमूट पूड टाकत जायच्या आणि सूर्यभान शेजारी पाटावर बसून बोटानं पीठ चाटत जायचा. मग म्हणायचा, "बास." एवढंच. केक तयार झाल्यावर मात्र त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. तळ करपला, साखर दाताखाली येते, मागच्या वेळी बरा झाला होता. सगळी कॉलनी वाहवा करायची आणि घरचा माणूस खोड्या काढायचा. सरजाबाई फणकारायच्या, पण पुढच्या खेपेला वाळू कमी तापवायच्या.

तर या सूर्यभानचा एक दोस्त होता, बन्सीधर गार्ड. दोघे निजामाच्या काळात एकाच दिवशी रेल्वेत लागले. एक इंजिन पुसायला, दुसरा पोर्टर म्हणून. जन्मतारीख विचारली तर दोघांनाही ठाऊक नव्हती. मुन्शीनं दोघांकडे वर-खाली बघितलं आणि दोघांपुढे एक जून एकोणीसशे वीस असं लिहून टाकलं. सूर्यभानची आई पुढे सांगायची की तो चांगला चार वर्षांनी लहान आहे, पण सरकारी कागदाला आईचं काय ऐकू येणार. पुढे एक गाडीच्या तोंडाशी आणि दुसरा शेपटाशी, अशी दोघांनी निम्मी नोकरी एकाच गाडीवर काढली. एका तारखेला जन्मलेले म्हणून दोघे एका तारखेला रिटायर होणार होते, एकतीस मे अठ्ठ्याहत्तरला. त्यासाठी सूर्यभाननं दोन वर्षं आधीच शब्द देऊन ठेवला होता, "बन्स्या, आपल्या दोघांचा एकच केक. चार थरांचा. खालचे दोन लोकायला, अन् वरचे दोन दोघींच्या घरी."

सूर्यभान नोव्हेंबरात गेला. ड्युटीवरून आला, ओट्यावर बसून एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी सोडायला वाकला आणि तसाच राहिला.

सरजाबाई रडल्या नाहीत. लेक पंचफुला पालमहून आली, तिनं हंबरडा फोडला. शेजारच्या बायकांनी अंगणात रीतीप्रमाणे गळ्यात पडून सूर धरला. बन्सीधरची बायको लक्ष्मीबाई तर इतकी रडली की तिलाच सावरावं लागलं. सरजाबाई मात्र मधोमध कोरड्या बसून राहिल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली सूर्यभानचा फोटो लागला, लेक सासरी गेली. कॉलनीत म्हणू लागले, बाई दगड झाली. आता दगडाला निदान वजन तरी असतं. सरजाबाईंना आत काहीच लागत नव्हतं. दुःख म्हणावं तर तेही नाही. भाकरी खाल्ली काय, न खाल्ली काय, जिभेला फरक कळत नव्हता.

नवऱ्याच्या जागी त्यांना रनिंग रूममध्ये पाणी भरायचं काम मिळालं. रोज सकाळी बारा माठ घासायचे, भरायचे, झाकायचे. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सगळ्या जातींची माणसं ते पाणी पीत होती. नोकरीतली तहान सरकारी असते, तिला जात नसते. ही सगळी आता त्यांच्या कामावरची माणसं झाली आणि त्यांच्याशी अदबीनं वागू लागली. इतक्या अदबीनं की कुणी मोठ्यानं बोलेना. त्या सहा महिन्यांत सरजाबाईंनी दोन केक केले, एक भगवानराव फोरमनच्या बढतीचा आणि एक मैत्रीण गीताबाईच्या नातीच्या वाढदिवसाचा. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "कसा झालाय?" दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "लय भारी, सरजाबाई. नेहमीसारखा." खोटं वाढायचं ठरवलं की लोकांचा हात फार सैल होतो.

मे लागल्यावर एक दिवस बन्सीधर माठापाशी पाणी प्यायला आला आणि पिऊन झाल्यावरही तिथंच घुटमळला.

"वैनी, एकतीस तारीख ध्यानात हाय ना?"

"हाय की, भाऊजी."

"अन् सूर्यभाननं काय कबूल केलतं, ते?"

"ते बी हाय."

"चार थर," बन्सीधर म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

चार थरांचं सरजाबाईंच्या डोक्यात काही केल्या बसेना. चौथा थर कुणासाठी? सूर्यभानच्या बायकोसाठी, म्हणजे स्वतःसाठीच. स्वतः भाजायचा, स्वतःच फडक्यात बांधायचा आणि स्वतःच घरी घेऊन यायचा. बरं, कशाबद्दल? माणूस रिटायर झाला तर त्याची बायको तो घेते. मेलेल्या माणसाला कुठला निरोप समारंभ? नवऱ्याचा शब्द मोडतोय हे त्यांना कळत होतं, पण कळण्यापलीकडे काही होत नव्हतं. त्यांनी बारा अंडी आणली. चार-चार अंड्यांचे तीन थर.

एकतीस तारखेला पहाटेच चूल पेटली. पारड्यात अंडी, समोर मैदा. हात शिकलेले होते, त्यांना सांगावं लागत नव्हतं. लोणी फेसायची परात त्यांनी ओल्या पोत्यावर ठेवली, कारण पूर्णेच्या मे महिन्यात लोण्याचं तूप व्हायला वेळ लागत नाही. थरांच्या मध्ये लावायला साखरांब्याची बरणी काढली. मग खलबत्त्यातली इलायचीची पूड घेतली आणि पिठात टाकायला लागल्या. एक चिमूट. दुसरी. तिसरी. पाटावर कुणी नव्हतं. आणखी एक. कधीतरी कुणी बास म्हणतं आणि मग थांबायचं असतं, अशी हाताला सवय होती, आणि बास म्हणणारं कुणी नव्हतं. शेवटी वाटीच रिकामी झाली तेव्हा हात थांबला. सरजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पिठात बोट घालून जिभेला लावलं. ओला मैदा. बाकी काही नाही. त्यांनी पीठ डब्यात ओतलं आणि झाकणावर निखारे पसरले.

समारंभ रनिंग रूमच्या व्हरांड्यात होता, दुपारी चार वाजता. लक्ष्मीबाई इरकली नेसून आल्या होत्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. या लक्ष्मीबाई मूळच्या बोरीच्या, तोंडानं फटकळ, सोवळ्याच्या पक्क्या. त्यांचं आणि सरजाबाईंचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून. पंचवीस वर्षं दोघी कुंपणावरून बोलत आल्या. पोरांची आजारपणं, रेशनची साखर, नवऱ्यांच्या तऱ्हा, सगळं बोलणं झालं. पण लक्ष्मीबाई कधी उंबरा ओलांडून आत आल्या नाहीत आणि सरजाबाईंच्या हातचं कधी काही खाल्लं नाही. केक दिला की म्हणायच्या, "त्यात अंडं आसतंय ना, माय." एकदा सरजाबाईंनी मुद्दाम दह्याचा, बिनअंड्याचा केक केला आणि वाटीभर कुंपणावरून पुढे केला. त्या दिवशी नेमका उपास निघाला. सरजाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. अंड्याचं निमित्त किती दिवस खरं मानायचं, हे त्यांना शिकवायची कुणाला गरज नव्हती.

साहेबांचं भाषण झालं, हार झाला, नारळ झाला. मग बन्सीधर केकपुढे उभा राहिला आणि बोटानं थर मोजू लागला. एक, दोन, तीन. त्यानं पुन्हा खालपासून मोजले.

"तीनच केलात, वैनी?"

"एका मानसाच्या निरोपाला तीनच आसतात, भाऊजी."

बन्सीधरचा चेहरा पडला. त्यानं खालचे दोन थर कापले, लोकांनी बशा घेतल्या. सरजाबाईंनी सवयीनं विचारलं, "कसा झालाय?" सगळे एका सुरात म्हणाले, "लय भारी." एका फायरमनचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ती खोकल्याची उबळ असावी. मग बन्सीधरनं वरचा थर स्वतःच्या हातानं फडक्यात बांधला. लक्ष्मीबाईंनी पदर सारखा करून हात पुढे केले. बन्सीधर त्यांच्यासमोरून तसाच पुढे गेला आणि गाठोडं सरजाबाईंच्या हातात ठेवलं.

"आमी एका दिवशी लागलो, एका दिवशी सुटायलो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे सूर्यभानच्या घरचं हाय."

सगळ्यांचे डोळे सरजाबाईंवर. आता तरी बाई रडेल, असं त्या डोळ्यांत स्पष्ट होतं. सरजाबाईंनी हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"आमचे मालक रिटायर न्हाई झाले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मेले."

आवाज चढला नव्हता की कापला नव्हता. त्या चालत लक्ष्मीबाईंपाशी गेल्या आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "रीत हाय ती," म्हणाल्या आणि रिकाम्या बशा गोळा करू लागल्या. लक्ष्मीबाई दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तशा ते धरून बसल्या. आता हे गायीपुढे जाईल, नाहीतर शेजारच्या पोरांच्या हातावर, हे सरजाबाईंना माहीत होतं. जाऊ दे. त्याचंही काही वाटलं नाही.

दिवेलागणीला त्या घरी बसून राखेनं केकचे डबे घासत होत्या. दाराशी सावली आली. लक्ष्मीबाई होत्या, हातात झाकलेली पितळी ताटली. नेहमीप्रमाणे त्या बाहेरच थांबतील म्हणून सरजाबाई पदराला हात पुसत उठल्या. लक्ष्मीबाई तोवर उंबरा ओलांडून आत आल्या होत्या. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, सूर्यभानचा रिकामा पाट दिसला तो ओढला आणि बसल्या. ताटली पुढे सरकवली. वरचा थर विळीनं मधोमध कापलेला होता. ताटलीत अर्धाच होता.

"इलायची लय पडलीया," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सरजाबाईंनी ताटलीवर वाकून पाहिलं.

"कडू लागायलाय पार. अन् बुडाला करपलाय. वाळू तापवली का भट्टी?"

"तुमी खाल्लात?"

"न खाता सांगायलेय का?" लक्ष्मीबाई खेकसल्या. "ह्यायनी घरी येऊन भांडन काढलं माझ्याशी. मनले, पंचवीस वर्षं शेजारी ऱ्हाऊन तू एक घास न्हाई खाल्ला, अन् आज त्या बाईनं सोताच्या वाटनीचं तुझ्या पदरात टाकलं. मनलं, बरं, खाते. दोघींचं हाय तर अर्धं मी खाते, अर्धं तिला देते. खाल्लं, तर हे आसं!"

"सगळे तर लय भारी मनले."

"सगळे खोटं बोलायलेत. सा महिन्यापासून खोटं बोलायलेत तुमच्याशी. कुनाची जीभ न्हाई उचलायली मनून."

सरजाबाई खाली बसल्या. ताटलीतला तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला. आधी नेहमीसारखंच, काही नाही. मग इलायची घशात उतरली, नाकात चढली, जिभेच्या मुळाशी जळू लागली. डोळ्यांपुढे व्हरांड्यातले सगळे चेहरे आले, हा असला केक गिळून हसत लय भारी म्हणणारे.

"लय झाली," त्या म्हणाल्या. "खरंच लय झाली."

"मंग? किती घातली?"

"म्हाईत न्हाई. मला कदी म्हाईतच नव्हतं. मी टाकत जायची, अन् ते तिथं..." त्यांनी लक्ष्मीबाई बसल्या होत्या त्या पाटाकडे बोट केलं. "ते तिथं बसून बास मनायचे."

तो शब्द तोंडातून गेला आणि सहा महिन्यांनी त्यांना कळलं की आता तो कुणी म्हणणार नाही. बूट काढून ओट्यावर वाकलेला माणूस तेव्हा मेला होता, पण त्यांच्यापुरता तो आत्ता मेला. सरजाबाई तोंडावर पदर दाबून रडायला लागल्या. वाईट, बेसूर, भांडी वाजावीत तसं रडणं.

लक्ष्मीबाई गळ्यात पडल्या नाहीत. नोव्हेंबरात पडून झालं होतं. त्या तशाच बसून राहिल्या, घसा खाकरत.

"रडा," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "रडा, पन आधी मला तांब्याभर पानी द्या, माय. घसा जळायलाय माझा तुमच्या इलायचीनं."

सरजाबाईंचा हुंदका मध्येच थांबला. पंचवीस वर्षांत या बाईनं या घरात पाणी मागितलं नव्हतं. त्याला पंचवीस वर्षं लागली यात कौतुक करण्यासारखं काही नाही, आणि सरजाबाईंनी केलंही नाही. त्या उठल्या, माठात तांब्या बुडवला, रडत रडतच तो पुढे केला. थोडं पाणी त्यांच्या हातावर सांडलं, थोडं लक्ष्मीबाईंच्या इरकलीवर. लक्ष्मीबाईंनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला.

"चौथा थर ऱ्हायलाय," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "त्या मानसानं शब्द देलता. उंद्या लावा वाळू तापायला. मी येते इलायची बगायला."

"बगायला मंजी चाटावं लागतंय, लक्ष्मीबाई. कच्चं अंडं आसतंय त्यात."

लक्ष्मीबाईंनी तोंड वाकडं केलं.

"चाटायची न्हाई मी. वासावर सांगीन," त्या म्हणाल्या आणि तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊ लागल्या.